चार ग्रॅम

हिद्दच्या टोकाला, जिथे रस्ता संपतो आणि पाइप सुरू होतात,
तिथे माझी प्रयोगशाळा. खिडकी एक, तीही उघडत नाही.
समुद्र आत येतो खारा, बाहेर पडतो गोड,
आणि मधल्या पडद्याला जी भोकं आहेत
ती मोजायला आकडे आहेत, डोळे नाहीत.

लहान तोंडी मोठा घास, आई म्हणायची,
मी मोठ्यांच्यात बोलले की.
इथे पगार त्याचाच मिळतो:
तोंड इतकं लहान की विरघळलेलं मीठसुद्धा अडतं,
आणि घास अख्ख्या आखाताचा.

नवे पडदे बसले त्या वर्षी
सलमाबादच्या कॅम्पात नळाचं पाणी पिता येऊ लागलं.
बिजुमोन सांगतो, पोरांचे केस गळायचे थांबले,
टँकरवाला गाडी विकून गावी गेला,
आणि सांबारात मीठ आता आठवणीने घालावं लागतं.
हे खोटं कसं म्हणू?
मीच तपासलंय ते पाणी. मीच पिते.

पडद्यावर चांदी असते. वर्ख नव्हे,
वर्खाचीही धूळ, त्या धुळीचीही धूळ.
तिच्यामुळे शेवाळ धरत नाही.
का धरत नाही? चांदी त्याला मारते.
आणखी कोणाकोणाला,
ते माहितीपत्रकात नाही.

मार्चमध्ये एक जुना पडदा काढला,
धुतला, वाळवला, तोलला.
पुन्हा तोलला.
तराजूवर संशय घेऊन बिजुमोनच्या तराजूवर ठेवला.
चार ग्रॅम कमी.

चार ग्रॅम म्हणजे पैंजणाचं एखादं घुंगरू.
घरात हरवलं असतं तर कपाटं ओढली असती,
केरसुणीच्या काडीने फटी उकरल्या असत्या.
इथे कुठली फट उकरू?
नऊशे पडदे. नऊशे घुंगरं
पाण्यात, माशांत, सलमाबादच्या सांबारात,
किंवा कुठेच नाहीत,
आणि आवाज एकाचाही नाही.

कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला,
"आढळले नाही" असं लिहा.
खरंच आहे. आढळलं नाही.
आपल्या यंत्राची नजर तिथवर पोचत नाही, हेही खरं,
पण त्याला रकाना नाही.
नसणं वेगळं, न दिसणं वेगळं,
आणि फॉर्मवर दोघांना मिळून एकच चौकोन.

गेटवर सालमीन असतो. त्याचा आजा मोत्यांसाठी बुड्या मारायचा.
तहान लागली की चामड्याची पिशवी घेऊन तळाशी जायचा,
समुद्राच्या पोटात झरे होते,
त्यावर पिशवीचं तोंड धरून गोडं पाणी भरून आणायचा.
"म्हणून तर बहरीन, दोन समुद्र," सालमीन म्हणतो,
"यंत्र नव्हतं. दम होता."
मग बोट बंद दाराकडे करून: "आता यंत्र आहे."
पुढचं बोलत नाही.

मोत्याचं मात्र त्यानेच सांगितलं.
शिंपलीत काहीतरी शिरतं, बारीक, नको असलेलं.
बाहेर काढायला तिला हात नाहीत.
मग ती त्याच्याभोवती स्वतःलाच गुंडाळत बसते, वर्षानुवर्षं.
माणसं त्याला दागिना म्हणतात.
शिंपली काय म्हणते, कोणी विचारलं?

मी घरी येऊन पोटावर हात ठेवून पडले त्या रात्री.
माझ्यात शिरलं असेल तर
मी कशात गुंडाळू?
मला एवढी कला येत नाही.

सकाळी रकान्यात लिहिलं: आढळले नाही.
खाली समासात, शिक्क्याची जागा सोडून, पेनाने:
जुन्या पडद्याचे वजन चार ग्रॅम कमी. कारण माहीत नाही.
सही नेहमीपेक्षा जरा मोठी झाली.

दुपारी सालमीन रिकामी बाटली घेऊन आला, रोजच्यासारखा.
मी भरून दिली, रोजच्यासारखी.
अर्धी तो प्यायला, उभ्याउभ्याच,
उरलेली गेटजवळच्या मांजरीच्या ताटलीत ओतली.
तिने आधी वास घेतला.
मग जिभेने, बारीक बारीक, सगळं संपवलं.
मी तिथून हलले नाही
तिने मिशा पुसेपर्यंत.